सुशीच्या काउंटरपलीकडचं काम

टोकियोच्या गिंझा भागात, भुयारी रेल्वेच्या स्टेशनाला लागून असलेल्या एका इमारतीच्या तळघरात ‘सुकियाबाशी जिरो’ नावाचं सुशीचं दुकान आहे. आत एक लाकडी काउंटर आणि त्याच्यापुढे दहा खुर्च्या, एवढाच पसारा. २००७ साली मिशलिन गाईडची टोकियो आवृत्ती पहिल्यांदा निघाली, तेव्हा या दुकानाला सर्वोच्च, म्हणजे तीन तारे मिळाले. २०११ साली त्याचे मालक जिरो ओनो यांच्यावर माहितीपट आला. एप्रिल २०१४ मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांना घेऊन जेवायला गेले ते इथेच.

इथे मेन्यूकार्ड बघून मागवायची पद्धत नाही. साधारण वीस घास एकामागून एक समोर येतात, अर्ध्या-पाऊण तासात जेवण आटोपतं आणि माणशी बिल ३० हजार येनच्या वर जातं. भाताचा छोटा मुटका आणि वर माशाचा काप, एवढ्यासाठी इतके पैसे? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा प्रश्न पडतोच. ‘मासा एकदम ताजा असतो म्हणून’ हे त्याचं नेहमीचं उत्तर. हे उत्तर अपुरं आहे आणि बऱ्याच अंशी चुकीचंही आहे. चांगला मासा पैसे टाकले की बाजारात मिळतो. काउंटरवर आपण पैसे मोजतो ते मुख्यतः आपण खुर्चीत बसण्याआधी झालेल्या कामाचे. ते काम काय असतं हे ठाऊक असेल, तर समोर आलेल्या घासाची चवही जास्त कळते.

गाडीवरचं खाणं

सुशीची सुरुवात मासा टिकवण्याच्या गरजेतून झाली. खारवलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने ठेवायचा. भात आंबतो, त्या आंबटपणामुळे मासा नासत नाही. खायच्या वेळी भात टाकून द्यायचा आणि मासा खायचा. शिगा प्रांतातल्या बिवा सरोवराकाठी या पद्धतीची ‘फुनाझुशी’ आजही करतात. तिचा वास इतका उग्र असतो की पुष्कळ जपानी माणसंही तिच्या वाटेला जात नाहीत. पुढे शतकागणिक आंबवण्याचा काळ कमी होत गेला, भातही खाल्ला जाऊ लागला आणि शेवटी आंबवण्याऐवजी भातात सरळ व्हिनेगर घालायला सुरुवात झाली.

आजची हाताने वळलेली ‘निगिरी’ सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. तेव्हा टोकियोचं नाव एदो होतं. १८२० च्या दशकात र्‍योगोकु भागातल्या हानाया योहेईने ती लोकप्रिय केली असं सांगितलं जातं. कामाच्या घाईतल्या माणसांनी गाडीपाशी उभं राहून दोन-चार घास पोटात ढकलायचे आणि पुढे जायचं, असं ते खाणं होतं. घासही आजच्या दुप्पट-तिप्पट मोठे असत. भाताला लागणारं व्हिनेगरही त्याच सुमारास स्वस्त झालं. १८०४ साली हांदा गावच्या नाकानो माताझाएमोन या साके बनवणाऱ्याने साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून तांबूस व्हिनेगर काढायला सुरुवात केली. आजची ‘मित्सुकान’ कंपनी त्यातूनच उभी राहिली. गिंझातल्या कित्येक नामवंत दुकानांत आजही भाताला फिकट तपकिरी छटा दिसते, ती या तांबूस व्हिनेगरची.

मासे समोरच्या उपसागरातले, म्हणून या शैलीला ‘एदोमाए’, म्हणजे एदोपुढची, म्हणतात. पण बर्फ नव्हता. उन्हाळ्यात मासा काही तासांत खराब व्हायचा. म्हणून गाडीवाल्यांनी कुठला मासा मिठात ठेवला, कुठला व्हिनेगरात, कुठला सोया सॉसमध्ये बुडवला, कोळंबी उकडली, समुद्री वाम गोडसर रसात शिजवली. हे सगळे नाइलाजाचे उपाय होते. पुढे बर्फ आला, फ्रीज आला, तरी ते टिकले, कारण त्यांनी माशाला चव येते हे तोवर सगळ्यांना पटलं होतं.

१९२३ च्या मोठ्या भूकंपात टोकियो उद्‌ध्वस्त झालं. निहोनबाशीचा जुना मासळी बाजार गेला, दुकानं गेली, आणि सुशीचे अनेक कारागीर आपापल्या गावी परतले. टोकियोची सुशी त्यांच्यासोबत देशभर पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नटंचाईमुळे १९४७ साली हॉटेलं बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. सुशीवाल्यांनी त्यातूनही वाट काढली. गिऱ्हाइकाने एक ‘गो’, म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम तांदूळ आणून द्यायचे आणि त्या बदल्यात दहा सुशी घ्यायच्या. कागदोपत्री हे हॉटेल राहिलं नाही, तांदळाची सुशी करून देण्याची मजुरी झाली. आजचा घास लहान आहे, त्यामागे या हिशेबाचाही हात आहे.

कोहादा: वीतभर माशाची परीक्षा

जाणकार गिऱ्हाईक दुकानाची पारख ट्यूनावरून करत नाही, ‘कोहादा’वरून करतं. हेरिंग, तारली यांच्या गोतावळ्यातला हा चंदेरी, ठिपकेदार मासा. स्वस्त आणि काटेरी. वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर त्याचं नाव बदलतं: अगदी पिल्लू असताना शिन्को, मग कोहादा, नाकाझुमी आणि पूर्ण वाढल्यावर कोनोशिरो. बहुतेक माशांची किंमत वजनाबरोबर वाढते. याचं उलट आहे. हंगामाच्या सुरुवातीचं बोटाएवढं शिन्को सर्वांत महाग, आणि तेव्हा एका घासासाठी दोन-तीन मासेही लागतात.

कच्चा कोहादा पांचट आणि वासट लागतो. त्याचे खवले काढायचे, डोकं उडवायचं, पोटाकडून उघडून काटा काढायचा आणि तो पुस्तकासारखा पसरायचा. बांबूच्या चाळणीवर मीठ भुरभुरून त्यावर मासे एकेक मांडायचे, वरून पुन्हा मीठ. किती वेळ? ठरलेलं उत्तर नाही. मासा केवढा आहे, त्यात चरबी किती, आज हवा दमट आहे की कोरडी, यावर मिनिटं कमी-जास्त होतात. त्याच टोपलीतल्या लहान आणि मोठ्या माशांची वेळही वेगळी. मीठ पाणी ओढून घेतं, मांस घट्ट होतं. मग धुऊन व्हिनेगरात बुडवायचे. आम्लामुळे मांसाचा रंग पांढुरका होतो आणि बारीक काटे मऊ पडतात. नंतर निथळून ठेवून द्यायचे. मीठ आणि आंबटपणा आतपर्यंत सारखा मुरायला एक-दोन दिवस, कधी जास्तही लागतात.

गिऱ्हाइकापुढे येतो तो एक घास. मीठ पुढे आलं तर फसला, व्हिनेगर पुढे आलं तरी फसला. मासा, मीठ, आंबट आणि खालचा भात यांतलं काहीही वेगळं काढता येऊ नये, तेव्हा तो जमला म्हणायचा. महागडा ट्यूना विकत आणून लपवता येतील असे दोष कोहादा उघडे पाडतो, म्हणून परीक्षा त्याची.

ताजा की मुरलेला?

इतर माशांचीही अशीच मशागत होते. हलव्यासारखे किंवा लेपासारखे सौम्य, पांढऱ्या मांसाचे मासे ‘कोंबू’ नावाच्या सागरी शेवाळाच्या दोन पट्ट्यांमध्ये काही तास दाबून ठेवतात. ट्यूनाचा लाल भाग सोया सॉसमध्ये थोडा वेळ मुरवतात. काही मासे कापडात किंवा कागदात गुंडाळून थंड जागी कित्येक दिवस ठेवले जातात.

यामागचं शास्त्र जपानमध्येच उलगडलं. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी कोंबूमधून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या जोडीला ‘उमामी’ ही चव मांडली. १९१३ साली त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी वाळवलेल्या बोनिटो माशात इनोसिनेट हा दुसरा उमामी घटक शोधला. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंमधलं एटीपी, म्हणजे पेशींचं इंधन, हळूहळू मोडतं आणि त्यातून हे इनोसिनेट तयार होतं. आत्ताच मारलेल्या माशात ते फारसं नसतं. म्हणून असा मासा दाताखाली करकरीत लागतो, पण चवीला फिका. एक-दोन दिवसांनी, मोठ्या माशात त्याहूनही उशिरा, चव भरते. आणखी थांबलं तर इनोसिनेटही मोडतं आणि कडवटपणा येतो. कोंबूत ग्लुटामेट आणि माशात इनोसिनेट: हे दोन्ही एकत्र आले की उमामी बेरजेपेक्षा कितीतरी जास्त जाणवते. दोनशे वर्षांपूर्वीच्या गाडीवाल्यांनी हे जिभेने ओळखलं होतं.

एटीपी वाया जाऊ नये म्हणून मासा मारण्याचीही एक पद्धत आहे, ‘इकेजिमे’. मासा तडफडून मेला तर इंधन आधीच संपतं. म्हणून मेंदूवर एक घाव घालून त्याला क्षणात मारतात, रक्त काढून टाकतात आणि मणक्यातून तार घालून मज्जारज्जू निकामी करतात. म्हणजे चांगल्या घासाची तयारी बोटीवर किंवा बंदरातच सुरू झालेली असते.

सुरक्षिततेचं काय? समुद्री माशात अनिसाकिस नावाचा परजीवी कृमी असू शकतो. मीठ, व्हिनेगर किंवा वसाबीने तो मरत नाही. उणे २० अंश सेल्सिअसला निदान २४ तास गोठवलं की मरतो, असं जपानचं आरोग्य खातं सांगतं. खोल समुद्रातला पुष्कळसा ट्यूना तर बोटीवरच उणे ६० अंशांपर्यंत गोठवला जातो. बाकी भरवसा कारागिराच्या नजरेवर, सुरीवर आणि माशाच्या पारखीवर. आपल्या बाजारातला मासा शिजवून खाण्यासाठी आणलेला असतो. तो कितीही ताजा दिसला, तरी घरी कच्च्या सुशीसाठी वापरू नये.

भात आधी, मासा नंतर

कारागिरांना विचारलं तर बहुतेक जण सांगतात की सुशीत भाताचा वाटा माशाहून मोठा आहे. आखूड दाण्याचा, अमायलोज हा स्टार्च कमी असलेला जपानी तांदूळ शिजल्यावर एकमेकांना धरून राहतो. काही दुकानं मुद्दाम जुना तांदूळ मिसळतात, कारण तो कोरडा असल्याने व्हिनेगर चांगलं पितो. नेहमीपेक्षा किंचित कमी पाण्यात शिजवलेला वाफाळता भात लाकडी काथवटीत उपडा करायचा, लगेच व्हिनेगर, मीठ आणि कुठे साखर यांचं मिश्रण ओतायचं, आणि लाकडी पळीने कापल्यासारखं करत हलवायचं. घोटायचं अजिबात नाही, शितं मोडली की चिखल होतो. वारा घालून जास्तीची वाफ उडवली की दाण्यांवर चकाकी येते.

तो भात झाकणाच्या लाकडी भांड्यात अंगाइतका कोमट ठेवतात. फ्रीजमध्ये ठेवला तर त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि दाणा टणक पडतो. डब्यातली थंड सुशी आणि काउंटरवरची सुशी यांत सगळ्यात मोठा फरक पडतो तो इथे. जेवण लांबलं तर चांगल्या दुकानात मध्येच नवा भात लावला जातो.

वसाबीचंही वेळेशी नातं आहे. शिझुओकातल्या इझू भागात आणि नागानोत थंड, वाहत्या पाण्यात वाढणारा हा कंद शार्कच्या खरबरीत कातड्यावर गोल गोल किसतात. पेशी फुटल्यावरच त्यातला झणझणीत घटक तयार होतो आणि काही मिनिटांतच उडायला लागतो. मोहरी फेसली की नाकात जो झणका जातो, तो याच रसायनाचा. दोन्ही वनस्पती एकाच कुळातल्या. जगभर हिरव्या गोळीच्या रूपात मिळणारं ‘वसाबी’ बहुतेक वेळा रंगवलेलं हॉर्सरॅडिश असतं.

सहा-सात सेकंदांची वळणी

आता प्रत्यक्ष घास. कारागीर हात पाण्यात बुडवतो, तळव्यावर टिचकी मारून जास्तीचं पाणी झटकतो. डाव्या हाताच्या बोटांवर माशाचा काप, उजव्या हातात भाताची बारकी गोळी. तर्जनीने वसाबीचा ठिपका माशाच्या आतल्या बाजूला. भात त्यावर ठेवायचा, अंगठ्याने मधोमध हलकी खळी पाडायची, घास उलटायचा, दोन बोटांनी वरून आणि अंगठ्याने कडेने दाबायचा, फिरवून पुन्हा एकदा. झालं. बाहेरून आकार पक्का आणि आत दाण्यांमध्ये हवा खेळती. बोटांनी उचलला तर मोडत नाही, जिभेवर ठेवला की विस्कटतो. वरून सोया सॉसचा ब्रश फिरतो आणि घास समोर येतो.

हे इतकं सहज दिसायला वर्षं लागतात. भात शिजवायला तीन वर्षं आणि वळायला आठ, असं या धंद्यात म्हणतात. नवख्याची सुरुवात झाडू-पोछा, भांडी आणि मासे साफ करण्यापासून होते. बायकांचे हात गरम असतात, म्हणून त्यांना हे जमत नाही, असाही समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आणि त्याने अनेकींची वाट अडवली. २०१० साली टोकियोच्या अकिहाबारा भागात स्त्रियाच सुशी करतात असं दुकान उघडलं, तेव्हा त्या समजाला जाहीर उत्तर मिळालं.

उंची काउंटरवर ‘ओमाकासे’ ही पद्धत असते, म्हणजे काय खायचं ते कारागिरावर सोपवायचं. साधारणपणे सौम्य माशांनी सुरुवात होते, मग व्हिनेगरात मुरवलेले, चरबीचे आणि दाट चवीचे प्रकार येतात, शेवटाकडे समुद्री वाम, ‘नोरी’ या सागरी शेवाळाच्या पापुद्र्यात वळलेली गुंडाळी आणि केकसारखं मऊ, गोडसर अंडं. गुंडाळीच्या नोरीमागे एक सुंदर गोष्ट आहे. हे शेवाळ बी कुठून धरतं, हे जपानी कोळ्यांना कळत नव्हतं. पीक आलं तर आलं. १९४९ साली इंग्लंडमधल्या कॅथलीन ड्र्यू-बेकर यांनी शोधून काढलं की त्याच्या जीवनचक्राचा एक टप्पा शिंपल्यांच्या कवचात जातो. त्यानंतर नोरीची खात्रीची शेती सुरू झाली. त्या कधीच जपानला गेल्या नाहीत, पण कुमामोतोतल्या उतो इथे त्यांचं स्मारक आहे आणि दरवर्षी एप्रिलमध्ये तिथे त्यांची आठवण काढतात.

पैसा आणि समुद्र

या घासाला दुसरी, फार स्वस्त वाटही आहे. १९५८ साली योशिआकी शिराइशी यांनी ओसाकाजवळ फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीचं पहिलं दुकान काढलं. ही कल्पना त्यांना बिअरच्या कारखान्यातला पट्टा पाहून सुचली होती. आज जपानी कुटुंबं सुशी खायला जातात ती बहुतेक अशाच दुकानांत.

वरच्या टोकाला ट्यूना आहे. जानेवारी २०१९ मध्ये टोकियोच्या तोयोसु बाजारातल्या वर्षातल्या पहिल्या लिलावात २७८ किलोचा ब्लूफिन ट्यूना ३३ कोटी ३६ लाख येनला गेला. घेणारे कियोशी किमुरा हे सुशीच्या साखळी दुकानांचे मालक. अशी बोली जाहिरातीसाठी असते, रोजचा भाव तो नव्हे. गंमत अशी की आज सर्वांत महाग असलेली पोटाची चरबीदार ‘तोरो’ एदोच्या काळात टाकाऊ होती, कारण ती लवकर खराब व्हायची आणि तिच्यात सोया सॉस मुरत नसे. शीतकरणाने तिचं नशीब पालटलं आणि माशाचं बिघडवलं. बेसुमार मासेमारीनंतर कोटे घातले गेले, त्यांचा उपयोगही झाला: २०२१ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने अटलांटिक ब्लूफिनला कमी चिंतेच्या गटात हलवलं. दक्षिणी ब्लूफिन मात्र अजूनही धोक्यात आहे. एका रात्री दहा माणसांना जेवू घालणारा कारागीर समुद्र रिकामा करत नाही, पण त्याने निर्माण केलेली हौस जगभर पसरली की करू शकते. ही हौस बाळगणाऱ्याने एवढं भान ठेवायलाच हवं.

जायचं ठरवलं तर

टोकियोला जाणारी मराठी माणसं आता कमी नाहीत. जमलं तर एकदा चांगल्या काउंटरवर जरूर बसावं. रात्रीचं परवडत नसेल तर दुपारी जावं. अनेक दुकानांत तोच कारागीर आणि तोच भात दुपारी बऱ्याच कमी पैशांत मिळतो. जागा आधी राखावी आणि वेळेवर पोचावं, कारण बऱ्याच ठिकाणी सगळ्यांचं जेवण एकदम सुरू होतं. मासळी तुमच्या नावाने आणलेली असते, त्यामुळे आयत्या वेळी रद्द केलं तर पूर्ण पैसे द्यावे लागतात. अत्तर लावू नये. मऊ लाकडाच्या काउंटरवर घड्याळ, फोन आपटू नये. फोटो विचारून काढावा. हाताने खाल्लं तर चालतं, आपल्याला ते जमतंही. सोया सॉस लावायचा झाला तर भाताला न लावता माशाच्या बाजूला टेकवावा. आल्याच्या चकत्या दोन घासांच्या मध्ये खाव्यात, घासावर ठेवून नव्हे. टीप देण्याची पद्धत जपानात नाही.

शाकाहारी मंडळींनी इथे आग्रह धरू नये. शेवटच्या गुंडाळीतलं ‘कांप्यो’ म्हणजे आपल्या दुधीच्याच जातीच्या भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या असतात खऱ्या, पण बाकी जेवण माशाचं आणि रस्साही माशाचा. एखादा पदार्थ चालत नसेल, तर ते जागा राखतानाच सांगावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: घास समोर आला की लगेच खा. गप्पा, फोटो, सगळं नंतर. भात कोमट आहे, वसाबी आत्ताच किसलेलं आहे, मासा दोन दिवस मुरून बरोबर आजच्या जेवणाला तयार झाला आहे. हे सगळं एका वेळी जुळवून आणण्यासाठीच तो माणूस पहाटेपासून राबलेला असतो. त्या कामाचा मान राखायचा, तर घास तोंडात घालायला उशीर करू नका.